थरथर रोज बघायची

पत्र

ताई, सलाम. मी घोरपडीत राहते, वय ४६, एका शाळेत क्लार्क आहे. आमच्या ह्यांच्या दोन्ही किडन्या गेल्या. चौदा महिने झाले, आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालू आहे. मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळी सहाची शिफ्ट. त्यांची नोकरी सुटली. मुलगा बारावीला आहे. लग्नाआधीपासून माझी पहाटेची प्रार्थना कधी चुकली नव्हती. आता गुडघे टेकले की शब्दच येत नाहीत. कधी डोळा लागतो, कधी नुसता राग येतो. प्रार्थना सभेत एक भगिनी म्हणाल्या, घरात कबूल न केलेलं काही पाप असेल, नाहीतर विश्वास कमी पडतोय. मागच्या महिन्यात बाहेरगावचे एक प्रचारक घरी आले होते. ह्यांच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, देवानं बरं केलंय, आता मशीनवर जाणं म्हणजे अविश्वास. तेव्हापासून ह्यांच्या मनात तेच घोळतंय. मुलगा विचारतो, आई, एवढी वर्षं प्रार्थना करून काय मिळालं? मला उत्तर देता येत नाही. मन नसताना रोज प्रार्थनेला बसणं हे ढोंग नाही का? थांबवू का? सकाळी उठले की आधी ह्यांच्या फिस्टुलावर बोटं ठेवून बघते, मग बाकी सगळं.

— एक भगिनी, पुणे

उत्तर

प्रिय भगिनी, सलाम.

शेवटचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंत, मी मात्र तिथंच अडकून राहिले. ज्यांच्या घरात हे दुखणं नाही त्या वाचकांसाठी सांगते. डायलिसिससाठी हातातली धमनी आणि शीर छोट्या शस्त्रक्रियेनं जोडतात, म्हणजे शीर फुगते आणि जाड सुया टोचायला जागा होते. त्या जोडाला फिस्टुला म्हणतात. त्यावर बोटं ठेवली की मांजर गुरगुरावं तशी आतून थरथर लागते. लागली म्हणजे रक्त वाहतंय. नाही लागली तर तडक दवाखाना गाठायचा. म्हणून ती रोज बघायची असते. याकडे मी परत येणार आहे, पण आधी जे थांबू शकत नाही ते बोलू.

डायलिसिस सोडायचं नाही. एकही पाळी चुकवायची नाही. किडन्या पूर्ण निकामी झालेल्या माणसानं मशीन सोडलं तर अंगात पाणी साठतं, फुप्फुसात उतरतं, रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदय बंद पडू शकतं. काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत जीवावर बेततं. ते प्रचारक तेव्हा दुसऱ्या गावात असतील, रुग्णवाहिकेला फोन तुम्हाला करावा लागेल.

तुमच्या मिस्टरांना पवित्र शास्त्रातलंच उत्तर हवं असेल तर दुसरे राजे, अध्याय २० त्यांच्यासमोर उघडा. हिज्कीया राजा मरणाच्या दारात आहे. तो भिंतीकडे तोंड करून रडतो आणि प्रार्थना करतो. देव ऐकतो आणि यशया संदेष्ट्याच्या तोंडून पंधरा वर्षांचं आयुष्य वाढवून देतो. शब्द मिळाला, आता खरं तर काहीच करायला नको होतं. पण त्याच यशयानं पुढे काय सांगितलं? अंजिरांचा लेप आणा. तो गळवावर लावला आणि राजा बरा झाला. देवाचा शब्द आणि औषध एकाच खोलीत, एकाच दिवशी, आणि दोन्ही एकाच संदेष्ट्याकडून. मशीनला टेकून पडलेला माणूस हिज्कीयापेक्षा कमी विश्वासाचा कसा? तरीही शंका उरली तर तुमच्या पाळकांना घरी बोलवा आणि हे त्यांच्या तोंडून मिस्टरांना ऐकू द्या. बायकोनं सांगितलेलं आणि पाळकांनी सांगितलेलं यात आपल्या घरांत फरक पडतो. वाईट वाटून घेऊ नका, आत्ता त्याचा उपयोग करून घ्या.

आता त्या प्रार्थना सभेतल्या भगिनी. त्यांनी तुमचं वाईट चिंतलं असेल असं मला वाटत नाही. दुसऱ्याच्या घरातलं दुखणं पाहिलं की माणूस घाबरतं, आणि कारण सापडलं की त्याला जरा सुरक्षित वाटतं. त्यांच्या घरात पाप आहे, आमच्यात नाही, म्हणजे आमच्यावर हे यायचं नाही. पवित्र शास्त्रातल्या ईयोबावर एकामागून एक संकटं कोसळली तेव्हा त्याचे मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तेवढंच काय ते त्यांनी बरोबर केलं. तोंड उघडल्यावर पुढचे कितीतरी अध्याय ते हेच सांगत राहिले की तुझं काहीतरी चुकलं असणार. ईयोब मात्र देवाशी भांडत होता. शेवटी देव म्हणतो, माझ्याविषयी यथार्थ बोलला तो ईयोब, तुम्ही नाही. भांडणारा बरोबर ठरला. आणि मुलासाठी रडणारी हन्ना आठवते? मंदिरात तिचे ओठ नुसते हलत होते, आवाज फुटत नव्हता. खुद्द एली याजकाला वाटलं बाई पिऊन आली आहे. देवळात आयुष्य काढलेल्या माणसालाही समोरच्या बाईची प्रार्थना ओळखता आली नाही. तुमची नसेल ओळखता आली कुणाला, तर ती प्रार्थना नव्हती असं होत नाही.

ढोंगाचं तुम्ही विचारलंत. ढोंगी हा शब्द प्रभूनं कुणासाठी वापरला ते मत्तयाच्या सहाव्या अध्यायात बघा. लोकांनी पाहावं म्हणून जे सभास्थानांत आणि रस्त्यांच्या कोपऱ्यांवर उभे राहून प्रार्थना करतात, त्यांच्यासाठी. पहाटे पाचला, स्वयंपाकघरात, मुलगा झोपलेला, मिस्टर आंघोळीला गेलेले. तिथं तुम्ही ढोंग करणार ते कुणासमोर? मन लागत नसताना जी बसते तिला मी ढोंगी म्हणणार नाही. तिला चिवट म्हणेन.

आणि शब्द येत नाहीत म्हणता, तर त्याच अध्यायात प्रभूनं शब्दही देऊन ठेवलेत, ती प्रभूची प्रार्थना. तुम्हाला पाळण्यात असल्यापासून पाठ आहेत. आपल्याकडे एक समजूत आहे की खरी प्रार्थना म्हणजे स्वतःच्या शब्दांतली, उत्स्फूर्त, लांबलचक, आणि पाठ केलेली म्हणजे पोपटपंची. चांगल्या दिवसांत हे ठीक आहे. पण अंगात ताप असला की आपण चार पदार्थ रांधत बसत नाही, कुणी आणून दिलेली पेज पितो. पकडलं जायच्या रात्री गेथशेमाने बागेत प्रभूनं तीनदा प्रार्थना केली आणि मत्तय स्पष्ट लिहितो की पुन्हा तेच शब्द बोलून. देवाच्या पुत्राला त्या रात्री नवे शब्द लागले नाहीत. जवळची माणसं झोपली होती, तेही तुम्हाला ओळखीचं वाटेल.

त्या प्रार्थनेतल्या दोन ओळी तुमच्यासाठीच आहेत असं समजून वाचा. 'आमची रोजची भाकर आज आम्हांला दे.' आज. अरण्यात इस्राएल लोकांसाठी देवानं दिलेलं अन्न, मान्ना, पडायचा तोही दिवसापुरता. लोभानं उरवून ठेवला त्यात सकाळी किडे पडले. तुमचं पत्र वाचताना मला वाटलं, तुम्ही पहाटे बसता तेव्हा चौदा महिन्यांचा थकवा आणि पुढच्या किती वर्षांचा कोण जाणे, सगळा घोर एकदम मांडून बसता आणि म्हणता, याला पुरेल एवढं बळ दे. तेवढं एका वेळी कुणालाच मिळत नाही. गुरुवारचं बळ गुरुवारी.

दुसरी ओळ, 'आम्हांस परीक्षेत आणू नकोस.' परीक्षा आली की आनंद माना, हे याकोबाच्या पत्रातलं वचन लोक फार पटकन दुसऱ्याच्या तोंडावर मारतात. पण रोज प्रार्थनेत मागायला प्रभूनं काय शिकवलं? परीक्षा नको असं. तुम्हाला ही परीक्षा नकोशी वाटते, तिचा राग येतो, यात अविश्वास कुठे आला? तो राग घेऊनच बसा. स्तोत्रसंहितेतल्या दीडशे स्तोत्रांत जवळजवळ एक तृतीयांश विलापाची, तक्रारीची आहेत. १३वं सुरूच होतं ते देवा, किती दिवस मला विसरणार, या सवालानं. ८८वं तर शेवटपर्यंत उजेडात येतच नाही, काळोखावर संपतं, आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे. आपल्या मातीला ही भाषा नवी नाही. जनाबाईनं विठोबाला कसं फैलावर घेतलं, तुकोबा त्याच्याशी कसे भांडले, हे मराठी माणसाला सांगावं लागत नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळक म्हणायचे की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताच्या पायाशी आलो. पुलावरून येताना ते भांडण पलीकडे टाकून यावं लागतं असं काही नाही.

माझं सांगते. माझी धाकटी बहीण कॅन्सरनं गेली. दोन वर्षं दुखणं चाललं. मी तेव्हा धनकवडीत राहायचे आणि रोज संध्याकाळी तिच्याकडे जायला स्वारगेटची बस पकडायचे. घरी प्रार्थनेला बसले की तुमच्यासारखंच व्हायचं, काही सुचायचं नाही. एक दिवस बसमध्ये खिडकीशी बसून प्रभूची प्रार्थना म्हणायला लागले, एका स्टॉपला एक ओळ. बालाजीनगरला 'हे आमच्या स्वर्गातील पित्या'. पद्मावतीला 'तुझे नाव पवित्र मानले जावो'. पुढचा स्टॉप येईपर्यंत दुसरं काही बोलायचं नाही, तीच ओळ धरून बसायचं. स्वारगेट येईपर्यंत रोजच्या भाकरीपाशी पोचायचे, कधी तेवढंही नाही. 'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' या ओळीपाशी मी कितीतरी दिवस गप्प राहिले. ती म्हणायची ताकद नव्हती आणि खोटं बोलायचं नव्हतं. गप्प बसून तो स्टॉप जाऊ द्यायचे आणि पुढची ओळ घ्यायचे.

बहीण बरी झाली नाही. हे तुमच्यापासून लपवून मी प्रार्थनेबद्दल काही सांगितलं तर ते खोटं होईल.

बळ आलं ते कुठून आलं ते मला त्या वेळी कळलंच नाही. आधी मी तिच्या घरी गेले की सरळ स्वयंपाकघरात शिरायचे. भांडी घास, भाजी निवड, काहीही करून तिच्या खोलीत जास्त वेळ थांबायचं नाही, कारण तिच्याकडे बघवायचं नाही. एका संध्याकाळी ती म्हणाली, पाय चेप गं जरा. मी पायाशी बसले, खोबरेल तेल घेतलं. तिच्या घोट्याची हाडं माझ्या हाताला लागत होती. ती झोपली तेव्हा घड्याळ पाहिलं तर दीड तास झाला होता. दीड तास मी त्या खोलीत होते, पळाले नव्हते. मी मागत होते तिचं बरं होणं, आणि ते मी शेवटच्या दिवसापर्यंत मागितलं. मिळालं ते हे, तिच्याजवळ बसता येणं. ते कमी होतं असं मला आजही म्हणवत नाही. पुरेसं होतं असंही नाही.

तुमच्या घोरपडीवरून जी दौंड लाइन जाते तिच्यावर केडगाव आहे, पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन. त्या बाईनं तरुणपणी दुष्काळात आई, वडील, बहीण गमावली, मग भाऊ, मग लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत नवरा. १९२१ साली एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ला रमाबाई स्वतः गेल्या. मधल्या त्या थोड्या महिन्यांत, थकलेल्या, कानांनी अधू, त्या काय करत होत्या? पवित्र शास्त्राचं मराठी भाषांतर पुरं करायला रोज बसत होत्या. मला त्यांचं मोठेपण दुरून नमस्कार करण्यापुरतं नको असतं. लेक गेलेली बाई सकाळी उठून मेजाशी बसते आणि कालच्या ओळीच्या पुढची ओळ घेते, एवढंच मी डोळ्यांपुढे आणते.

म्हणून आता तुमची ती सकाळची बोटं. फिस्टुला बघायला तुम्ही मन लागण्याची वाट बघता का? आज उत्साह आहे, आज बघते, आज नाही, राहू दे, असं होतं का? रोज बघता. आणि थरथर तुम्ही आणत नाही, ती तिथं असते, तुम्ही फक्त बोटं ठेवता. उद्यापासून बोटं ठेवली की काढायच्या आधी एक ओळ म्हणा. 'हे आमच्या स्वर्गातील पित्या', एवढीच चालेल. मिस्टरांना ऐकू येईल अशी म्हणा. त्यांना वाटलं तर ते पुढची म्हणतील, नाही वाटलं तर नाही. पहाटेच्या प्रार्थनेचं सध्या एवढंच ठेवा. गुडघे टेकल्यावर डोळा लागतो म्हणता, तर झोपाच. एलीया संदेष्टा मरण मागून झुडपाखाली निजला तेव्हा देवदूतानं त्याला उपदेश केला नाही. दोनदा उठवून खायला घातलं आणि मध्ये परत झोपू दिलं.

दुसरी वेळ म्हणजे डायलिसिसच्या दिवशी दवाखान्यात बाहेरच्या बाकावरचे ते चार तास. तिथं सगळा वेळ प्रार्थनेत घालवायचा नेम करू नका, दोन दिवसांत मोडेल आणि तुम्ही परत स्वतःला दोष द्याल. एक स्तोत्र वाचा. कुठलं ते निवडत बसू नका. पंचहौदच्या पवित्र नाम देवळाची मुळं ज्या अँग्लिकन परंपरेत आहेत, तिच्यात सगळी दीडशे स्तोत्रं तीस दिवसांत वाटून दिली आहेत, रोज सकाळची काही आणि संध्याकाळची काही. पहिल्या तारखेला सकाळी पहिली पाच, दुसरीला संध्याकाळी ते १३वं येतं, सतराव्या सकाळी ते काळोखातलं ८८वं. त्या तारखेच्या वाट्यातलं एक घ्यायचं. आपल्या मूडला शोभेल ते आपण निवडत नाही, आलेलं घेतो. कधी तुम्ही रडवेल्या आणि स्तोत्र आनंदाचं, तर ते त्या दिवशी जिच्या घरी पेढे वाटलेत तिच्यासाठी म्हणा. कधी उलटं होईल, तेव्हा समोरच्या बाकावरच्या बाईसाठी म्हणा. तिचा नवराही आतच आहे.

आता मदतीचं, आणि इथं मी जरा हट्टानं सांगणार आहे. चार जणांनी पक्षाघाती माणसाला कफर्णहूमातल्या घराचं छप्पर उसकटून खाली सोडलं, तेव्हा मार्क लिहितो की येशूनं त्यांचा विश्वास पाहिला. त्यांचा, खाटेवरच्याचा किती होता ते सांगितलेलंच नाही. तुमचा विश्वास थकला असेल तर थोडे दिवस दुसऱ्यांच्या खांद्यावर जाऊ द्या. पण मंडळीत नुसतं 'आमच्यासाठी प्रार्थना करा' म्हणू नका. लोक हो म्हणतात आणि बिर्याणीच्या रांगेत विसरतात. नेमकं मागा. शनिवारी सहाच्या शिफ्टला ह्यांना कोण सोडेल? मंगळवारी मुलाचा डबा कोण देईल? पाळकांना विचारा, महिन्यातून एकदा प्रभुभोजन घरी आणाल का? दोन बायका निवडा ज्या सल्ला देत नाहीत, आणि त्यांना म्हणा, ज्या दिवशी माझ्याच्यानं होणार नाही त्या दिवशी मी फक्त मिस कॉल देईन, माझ्या वाटची तुम्ही करा.

पैशाचं तुम्ही लिहिलं नाहीत, पण नोकरी सुटली म्हणजे ओढ असणारच. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं. दवाखान्यातल्या समाजसेवा अधीक्षकांना रेशन कार्ड घेऊन भेटा. प्रत्यारोपणाच्या यादीत नाव घातलंय का तेही डॉक्टरांना विचारा. पुणे विभागाची यादी झेडटीसीसी ही संस्था ठेवते आणि नोंद दवाखान्यामार्फतच होते. आणि तुमची स्वतःची झोप, भूक अशीच उडालेली राहिली, किंवा जगणं नको वाटू लागलं, तर ते फक्त प्रार्थनेत ठेवू नका. डॉक्टरांना सांगा. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं.

मुलाला उत्तर देऊ नका. तो वाद घालत नाहीये, घाबरलाय. बारावीचं पोर, बाप मशीनवर, आई पहाटे उठून गप्प बसलेली. त्याला म्हणा, मलाही कळत नाही रे, मी देवाला रोज हेच विचारते. त्याच्या आईची प्रार्थना खरी आहे हे त्याला यातून जेवढं कळेल तेवढं माझ्या दहा वचनांनी कळणार नाही. जमलं तर एक दिवस त्याचीही बोटं वडिलांच्या हातावर ठेवून दाखवा. थरथर कशी असते ते त्यालाही माहीत असलेलं बरं.

गुरुवारी पहाटे सव्वापाचला मी तुमच्यासाठी १२१वं स्तोत्र वाचणार आहे, आणि मग पुढचे सगळे मंगळवार, गुरुवार, शनिवार. मिस्टरांचं आणि मुलाचं नाव तुम्ही लिहिलं नाहीत. छापणार नाही, पण मला कळवा. मला नाव घेऊन मागायचं आहे.

तुमची,
ताई